रस्त्याच्या कामाचा धुरळा : आधीच रोखायचा कसा, आणि तक्रार करायची तर कुठं?

दिवाळी झाली की गावोगावी रस्त्याची, पुलाची आणि पाइपलाइनची कामं सुरू होतात. पोकलेन येतो, हायवा धावायला लागतात, मुरमाचे आणि खडीचे ढीग पडतात. रस्ता सगळ्यांनाच हवा असतो, पण त्याच्यासोबत धुरळाही येतो. कपाशीची बोंडं मातकट होतात, द्राक्षाच्या घडावर थर बसतो, माळवदावर टाकलेलं वाळवण वाया जातं आणि म्हाताऱ्या माणसांचा खोकला हटत नाही. मग एखाद्या दिवशी चिडलेले लोक हायवा अडवतात, काम बंद पाडतात, पोलीस येतात आणि गावात दोन गट पडतात.

एवढं होऊनही धुरळा थांबत नाही. उलट अर्धवट रस्ता तसाच पडून राहतो आणि जूनमध्ये त्याचा चिखल होतो. म्हणून धुरळा कशामुळे उडतो, तो रोखणं कुणाचं काम आहे आणि तक्रार कोणत्या क्रमानं करायची, याची ही माहिती. गावकऱ्यांसाठी आहे, तशीच काम घेणाऱ्या ठेकेदारांसाठी, टँकर-ट्रॅक्टर लावणाऱ्यांसाठी आणि सरपंचांसाठीही आहे.

धुरळा नेमका कुठून येतो?

रस्त्याच्या कामावर धुरळ्याची ठिकाणं ठरलेली असतात.

१) कच्चा वळणरस्ता, म्हणजे डायव्हर्जन. सगळ्यात जास्त धूळ इथंच उडते. गाडीचा वेग जितका जास्त तितका धुरळा जास्त.

२) खडीचा थर टाकून उघडा ठेवलेला रस्ता. मुरूम किंवा ओल्या खडीचा थर दाबून झाला आणि त्यावर डांबराचा पहिला हात न मारताच वाहतूक सोडली, की खडीतला बारीक भाग उडून जातो.

३) उघडे हायवा. फळीच्या वर भरलेला माल आणि वर ताडपत्री नाही, असे हायवा.

४) मुरूम, क्रश सँड, राख यांचे उघडे ढीग.

५) खडी क्रशर, डांबर प्लांट आणि काँक्रीटचा मिक्सिंग प्लांट.

६) जुनी शाळाखोली, वाडा किंवा घर पाडणं. पांढऱ्या मातीच्या भिंती कोरड्या पाडल्या तर अख्खी गल्ली पांढरी होते.

७) फरशी, काँक्रीट किंवा दगड ग्राइंडरने कोरडा कापणं.

दिसते ती धूळ, न दिसते तो त्रास

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ थोड्या अंतरावर खाली बसते. जास्त त्रास बारीक कणांचा होतो. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासातून आत जातात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर पोचतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक असतात ते कळेल.

केंद्र सरकारने २००९ मध्ये हवेची मानकं ठरवली. त्यात दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, तर अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६० मायक्रोग्रॅम. या मानकांत औद्योगिक आणि निवासी भागाबरोबर ‘ग्रामीण’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. ‘हे नियम शहराचे, खेड्याला लागू नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर ही गोष्ट दाखवावी.

दमा असलेले, लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना त्रास आधी होतो. कामावरच्या मजुरांना तर रोजच होतो. दगड, वाळू आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही आणि तो झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका वाढतो. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, यात मोकळी सिलिका कमी असते. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात जास्त असते. म्हणून बेसाल्टची धूळ निर्धोक आहे असं नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. कापणी-फोडणीच्या कामावर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि त्याआधी पाणी मारून काम करणं महत्त्वाचं. कुणालाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ‘धुळीचा असेल’ म्हणून सोडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा.

पिकाचं काय होतं?

पानावर थर बसला की पानाला ऊन कमी मिळतं आणि पानाची छिद्रं बुजतात. पीक खुंटतं. धुळीनं माखलेल्या पानांवर लाल कोळी वाढतो, कारण त्याला खाणाऱ्या मित्रकिडी धुळीत नीट काम करू शकत नाहीत. फुलोऱ्यात धूळ बसली तर फळधारणेवर परिणाम होतो. कपाशी, द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला यांची प्रत उतरते आणि व्यापारी भाव पाडतो. तुतीचा धुळकट पाला रेशीम अळीला चालत नाही. धुळीचा कडबा जनावरं मागं सारतात.

रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांनी काम सुरू व्हायच्या आधीच बांधाला मका किंवा ज्वारीच्या तीन-चार दाट ओळी पेराव्यात, नाहीतर माणसाच्या उंचीपेक्षा थोडी उंच शेडनेट लावावी. शेवरी, गिरिपुष्पाची जुनी कुंपणं असतील तर या काळात तोडू नयेत. भाजीपाला आणि कपाशीवर सकाळी साध्या पाण्याची फवारणी करून पानं धुता येतात. द्राक्षाला मात्र हा उपाय मनानं करू नये. घड ओला राहिला तर डाऊनीसारखे रोग येतात. आधी कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

साइटवर काय करायला हवं?

*पाणी.* पाणी मारतो असं सगळेच सांगतात. किती आणि कधी, हे विचारावं. हिशोब सोपा आहे. एक किलोमीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्ता म्हणजे सात हजार चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर धरलं तर एका फेरीला साडेतीन ते सात हजार लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर सुकतं. त्यामुळे सकाळी एक टँकर फिरवून दिवस निघत नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी, दुपारी आणि शाळा सुटायच्या वेळेआधी अशा किमान तीन फेऱ्या तरी हव्यात; वाऱ्याच्या दिवशी जास्त. टँकरला मागं छिद्रांचा आडवा पाइप असावा. नुसता व्हॉल्व्ह सोडला तर एका जागी डबकं होतं, बाकीचं कोरडं राहतं आणि मोटारसायकली घसरतात. पाणी पिण्याच्या विहिरीतून उचलू नये. पाझर तलाव, शेततळं किंवा सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी कुठून घ्यायचं, हे ग्रामपंचायतीनं आधीच ठरवून द्यावं.

*वेग.* कच्च्या रस्त्यावर हायवाचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत ठेवला तर धुरळा लगेच कमी होतो, आणि याला एक रुपयाही खर्च येत नाही. वस्तीच्या दोन्ही टोकांना फलक आणि गतिरोधक असावा.

*ताडपत्री.* माल फळीच्या खाली वीतभर असावा आणि वर ताडपत्री बांधलेली असावी.

*थर उघडा ठेवू नये.* जेवढं अंतर आठ-दहा दिवसांत डांबरापर्यंत नेता येईल तेवढंच उकरावं. पाच किलोमीटर एकदम उकरून ठेवायचं आणि मशिनरी दुसऱ्या साइटवर न्यायची, ही धुरळ्याच्या तक्रारीची सगळ्यात मोठी जड आहे.

*ढीग.* मुरूम आणि क्रश सँडचे ढीग शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विहीर यांच्याजवळ टाकू नयेत. ते हिरव्या जाळीनं झाकावेत किंवा ओले ठेवावेत.

*पाडकाम.* भिंत पाडण्याआधी भिजवावी. राडारोडा ओला असतानाच भरावा.

यात एक गोष्ट ठेकेदारानं लक्षात घ्यावी. माती, मुरूम आणि खडीचा थर दाबण्यासाठी योग्य ओलावा लागतोच. कोरड्यावर फिरवलेल्या रोलरनं थर बसत नाही. खडीतला बारीक भाग उडून गेला की वरची खडी सुटी होते. म्हणजे जो धुरळा लोकांच्या घरात जातोय, तो रस्त्याचाच माल आहे. पाणी मारणं हे गावावर उपकार नाहीत, ते कामाच्या दर्जात येतं.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २५ जानेवारी २०१८ रोजी बांधकाम आणि पाडकामाच्या धुळीसाठी नियम काढले. माती, वाळू उघडी न ठेवणं, पाणी शिंपडणं, साइटकडे जाणारा रस्ता पक्का करणं, वाहन झाकणं आणि धूळ रोखण्याचे उपाय साइटवर फलकावर लिहिणं, अशा गोष्टी त्यात आहेत. ही सक्ती ज्या शहरांत हवेतील कण मर्यादेबाहेर आहेत त्यांच्यासाठी आहे. तरी गावानं ठेकेदाराकडे काय मागायचं, याचा तयार नमुना म्हणून ती यादी उपयोगी पडते.

खडी क्रशरला मात्र गावातही स्वतंत्र मानक आहे. यंत्रापासून तीन ते दहा मीटर अंतरावर मोजलेले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. शिवाय यंत्रावर धूळ कोंडण्याची आणि पाणी फवारण्याची सोय, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमीन नियमित ओली व साफ ठेवणं आणि चारी बाजूंनी झाडं, हे सगळं बंधनकारक आहे. क्रशर, डांबर प्लांट आणि काँक्रीट प्लांटला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्या पत्रात अटी लिहिलेल्या असतात. आधी ते पत्र बघायला मागावं.

तक्रार करण्याआधी : आठ दिवसांची वही

‘लई धुरळा उडतोय’ एवढ्या तक्रारीवर काही होत नाही. साहेब येतो त्या दिवशी पाणी मारलेलं असतं. म्हणून आठ दिवस साधी नोंद ठेवावी :

• तारीख, वेळ, ठिकाण (कुणाच्या शेताजवळ, किती नंबरच्या मोरीजवळ)
• त्या दिवशी टँकरच्या किती फेऱ्या झाल्या आणि किती वाजता
• ताडपत्री नसलेल्या हायवांचे नंबर
• रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी काढलेला फोटो किंवा व्हिडिओ. तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप वापरावं
• स्टीलचं ताट दिवसभर गच्चीवर ठेवून संध्याकाळी काढलेला फोटो. हा प्रयोगशाळेचा पुरावा नाही, पण अधिकाऱ्याला एका नजरेत कळतं.
• दवाखान्यात गेलेल्यांच्या केसपेपरची झेरॉक्स

कामाच्या माहिती फलकाचाही फोटो घ्यावा. कामाचं नाव, खातं, ठेकेदार, रक्कम आणि मुदत त्यावर असते. फलकच नसेल तर तीच पहिली तक्रार.

कोणता रस्ता, कोणतं ऑफिस?

• राष्ट्रीय महामार्ग : राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे प्रकल्प संचालक, किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. हेल्पलाइन १०३३.
• राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभागाचे उपअभियंता, त्यांच्यावर कार्यकारी अभियंता.
• इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते : बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.
• प्रधानमंत्री व मुख्यमंत्री ग्रामसडक योजना : महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेचं जिल्हा कार्यालय.
• पाणी योजनेचे चर : जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग.
• खडी क्रशर, खाण : तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय.
• खासगी घर, दुकानाचं बांधकाम : ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत.

तक्रारीच्या पायऱ्या

*पहिली पायरी : साइटवर बोलणं.* चार-पाच जणांनी मुकादम किंवा साइट इंजिनिअरला भेटावं. त्यात एखादी बाई आणि रस्त्याकडेचा शेतकरी असावा. मागण्या तीनच ठेवाव्यात : टँकरच्या वेळा, वेगमर्यादा, ताडपत्री. ठरलेलं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बऱ्याच ठिकाणी प्रश्न इथंच मिटतो.

*दुसरी पायरी : लेखी अर्ज.* चार दिवसांत फरक पडला नाही तर संबंधित अभियंत्याला अर्ज द्यावा. प्रत ग्रामपंचायत आणि तहसीलदारांना. पोच घेतल्याशिवाय उठू नये. हाच अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरही टाकता येतो.

*तिसरी पायरी : ग्रामपंचायतीचा ठराव.* एकट्याच्या अर्जाला ‘वैयक्तिक भांडण’ म्हणून बाजूला सारता येतं, ठरावाला तसं सारता येत नाही. ज्या सदस्याचा टँकर किंवा ट्रॅक्टर कामावर आहे, त्यानं ते आधीच सांगून चर्चेतून बाजूला राहावं. गावातली निम्मी भांडणं याच कारणानं होतात.

*चौथी पायरी : प्रदूषण नियंत्रण मंडळ.* क्रशर किंवा प्लांट असेल तर ही तक्रार पहिल्याच दिवशी करता येते. पाहणीच्या वेळी काम चालू असावं आणि गावाचा माणूस हजर असावा, असं अर्जात लिहावं.

*पाचवी पायरी : प्रांताधिकारी.* सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

*सहावी पायरी : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण.* पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आणि भरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. इथपर्यंत जायची वेळ आली तर वकील आणि सगळी कागदं लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पोच जपून ठेवावी.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. कामाच्या करारातील धूळ नियंत्रणाच्या अटी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी.

अर्जाचा नमुना

‘विषय : ______ ते ______ रस्त्याच्या कामावरील धुळीबाबत.
महोदय, वरील काम दि. ____ पासून सुरू आहे. दि. ____ ते ____ या काळात ______ येथे दिवसातून फक्त ____ वेळा पाणी मारले गेले. खडीचा थर ____ दिवस उघडा आहे. त्यामुळे ____ घरे, ____ शाळा व अंदाजे ____ एकर पिकाला त्रास होत आहे. दि. ____ रोजी साइटवर तोंडी सांगितले. फरक पडला नाही. आमचा कामाला विरोध नाही. (१) दिवसातून किमान तीन वेळा पाणी, (२) वस्तीत ताशी २० कि.मी. वेग, (३) ताडपत्री, (४) उघड्या थरावर डांबरीकरणाची तारीख लेखी द्यावी, ही विनंती. सोबत : फोटो, नोंदवही, सह्या.’

‘आमचा कामाला विरोध नाही’ हे वाक्य गाळू नये. तक्रार करणाऱ्याला ‘विकासाच्या आडवा येणारा’ ठरवणं सोपं असतं, त्याला उत्तर या वाक्यात आहे.

पिकाच्या भरपाईचं

पीक विमा नैसर्गिक आपत्तीसाठी आहे; कामाच्या धुळीचं नुकसान त्यात बसत नाही. ही भरपाई ठेकेदाराकडून किंवा खात्यामार्फतच मागावी लागते. त्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा, शक्य असल्यास कृषी विज्ञान केंद्राचं लेखी मत, रस्त्यालगतच्या आणि आतल्या ओळीचे एकाच दिवशी काढलेले फोटो आणि बाजार समितीची विक्री पट्टी जपावी. धुळकट आणि स्वच्छ मालाच्या भावातला फरक पट्टीवर दिसतो. माल काढून झाल्यावर पंचनामा मागितला तर काही हाती लागत नाही. रोख दोन-चार हजार घेऊन ‘आता तक्रार नाही’ अशा कोऱ्या कागदावर सही करू नये.

ठेकेदारासाठी चार गोष्टी

काम सुरू होण्याआधी गावात बैठक घ्या. कोणत्या आठवड्यात कुठं उकरणार ते सांगा. फलकावर चालू असलेला फोन नंबर लिहा आणि तो उचलणारा माणूस ठेवा. तक्रारवही ठेवा, तक्रार आली की त्याच दिवशी जागेवर जा आणि काय केलं ते तक्रारदाराला सांगा. टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवा. एका टँकरचं डिझेल वाचवताना चार दिवस काम बंद पडलं, तर उभ्या मशिनरीचं भाडं त्यापेक्षा कितीतरी जास्त जातं.

काम बंद पाडण्याआधी

हायवा अडवला तर एक दिवस धुरळा थांबतो. गुन्हे दाखल झाले तर पोरांच्या नोकरीच्या पडताळणीत अडचण येते. ठेकेदार मशिनरी उचलून गेला तर उकरलेला रस्ता पावसात चिखल होतो, आणि आजारी माणसाला खाटेवर न्यायची वेळ येते. म्हणून मागणी काम थांबवण्याची नको. पाणी मारण्याची, थर झाकण्याची आणि रस्ता वेळेत पुरा करण्याची असावी. डांबर पडलं की डायव्हर्जनचा धुरळा आपोआप संपतो. तोपर्यंतचे दोन-तीन महिने पीक आणि माणसं जपायची असतील, तर पहिला फोटो आणि पहिली नोंद काम सुरू झालं त्याच दिवशी करावी.